पासबुकातला पेन्शनचा रकाना

पीएफचं पासबुक उघडलं की तीन रकाने दिसतात. एक आपल्या वाट्याचा, एक मालकाच्या वाट्याचा आणि तिसरा पेन्शनचा. पहिल्या दोन्हींवर दर वर्षी व्याज चढतं, तिसऱ्यावर चढत नाही. नोकरी बदलून पीएफ ट्रान्सफर केला की पहिले दोन आकडे नव्या खात्यात येतात आणि तिसऱ्या रकान्यात शून्य दिसतं. मग घबराट होते: माझे साठ-सत्तर हजार गेले कुठे?

कुठेही गेलेले नाहीत. ते आपले नव्हतेच, हे खरं उत्तर. पेन्शनच्या रकान्यातली रक्कम दर महिन्याला एका सामाईक फंडात जाते. त्या फंडात आपल्या नावाचं खातं नसतं, असतो तो फक्त सेवेचा हिशेब: अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत, अमुक पगारावर. ट्रान्सफर होते ती सेवा. म्हणून या योजनेत शिल्लक तपासून काही कळत नाही. तारखा तपासाव्या लागतात.

योजनेचं नाव कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलण्यात ईपीएस-९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ला लागू झाली. त्याआधी १९७१ची कुटुंब पेन्शन योजना होती, तीत कामगार गेला तर बायकामुलांना पैसे मिळत, पण जिवंत निवृत्त झालेल्याला मासिक पेन्शन नव्हती. त्या जुन्या योजनेत कामगार, मालक आणि सरकार प्रत्येकी १.१६ टक्के, म्हणजे एक पूर्णांक एक षष्ठांश टक्के भरत. हा विचित्र अपूर्णांक आजही जिवंत आहे: केंद्र सरकार नव्या योजनेतही पगाराच्या १.१६ टक्केच भरतं.

आता पैसा कसा वाटला जातो ते पाहू. पगार म्हणजे इथे मूळ पगार अधिक महागाई भत्ता. आपल्या पगारातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये. मालकही १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात वळतात. ८.३३ म्हणजे बारावा भाग, वर्षाला एक महिन्याचा पगार. मात्र त्याला कमाल मर्यादा आहे. सुरुवातीला ती ५,००० रुपये पगाराची होती, १ जून २००१पासून ६,५०० झाली, १ सप्टेंबर २०१४पासून १५,०००. म्हणून महिन्याला पेन्शन फंडात जाणारी रक्कम आधी ४१७, मग ५४१ आणि नंतर १,२५० रुपये. मूळ पगार ४०,००० असेल आणि कंपनी पूर्ण पगारावर पीएफ भरत असेल, तर मालकाच्या ४,८०० मधले १,२५० पेन्शनला आणि ३,५५० पीएफला. सरकारचे १.१६ टक्केही १५,०००वरच, म्हणजे १७४ रुपये. ते पासबुकात दिसत नाहीत.

कामगार स्वतः पेन्शन फंडात एक रुपयाही भरत नाही. 'माझे पेन्शनचे पैसे' हा शब्दप्रयोग म्हणून थोडा फसवा आहे. तरी तो मालकाचा वाटा पेन्शनला गेला नसता तर आपल्या पीएफमध्ये पडला असता, तेव्हा हिशेब विचारण्याचा हक्क पुरेपूर आहे.

पेन्शनचं सूत्र एका ओळीचं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षं, भागिले ७०. सत्तरच का? ३५ वर्षं सेवा झाली की बरोबर निम्मा पगार हाती यावा, अशी ती मांडणी आहे. पेन्शनपात्र पगार म्हणजे पूर्वी शेवटच्या १२ महिन्यांची सरासरी, १ सप्टेंबर २०१४पासून शेवटच्या ६० महिन्यांची. २० वर्षं किंवा जास्त सेवा करून ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वाढीव मिळतात.

सूत्र सोपं असूनही लोकांचा अंदाज हमखास चुकतो, कारण २०१४च्या दुरुस्तीने सेवेचे दोन तुकडे केले. ३१ ऑगस्ट २०१४पर्यंतची सेवा ६,५००च्या मर्यादेत मोजायची, नंतरची १५,०००च्या मर्यादेत. कुणी १ सप्टेंबर १९९९ला लागला, पगार कायम मर्यादेच्या वर, आणि ऑगस्ट २०२४च्या अखेरीस ५८ पूर्ण झाले असं धरा. पहिली १५ वर्षं: ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे १,३९३ रुपये. पुढची १० वर्षं: १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३. बेरीज ३,५३६. वाढीव दोन वर्षांमुळे काही शे रुपयांची भर पडते, पण चार हजार गाठले जात नाहीत. पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस '१५,०००ला २७ने गुणून ७०ने भागा' असं करून ५,७८६ची वाट पाहत बसतो आणि हातात पेन्शनचा आदेश आला की क्लार्कने घोळ घातला असं समजतो. घोळ नाही, ती दुरुस्ती आहे.

तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९९८ साली एका कामगारामागे वर्षाला फंडात आले साधारण ५,००४ रुपये मालकाकडून आणि ६९६ सरकारकडून, एकूण ५,७००. ते आले ५,००० पगारावर. पण २००१मध्ये मर्यादा ६,५०० झाली, तेव्हा त्या जुन्या वर्षाची पेन्शनही ६,५००वर मोजली जाऊ लागली. वर्गणी जुन्या पगारावर, देणं नव्या पगारावर. दर वेळी मर्यादा वाढली की मागच्या सगळ्या वर्षांचं देणं एका रात्रीत फुगतं आणि त्यासाठी कुणीच जादा पैसे भरलेले नसतात. फंडाचं मूल्यमापन दर वर्षी विमागणिती, म्हणजे पुढे द्यावी लागणारी रक्कम मोजणारा तज्ज्ञ, करतो आणि त्याच्या ताळेबंदात हे भोक पडतं. २०१४मध्ये मर्यादा एकदम दुपटीच्या वर नेताना सरकारने ते बुजवलं: जुनी वर्षं जुन्या मर्यादेवरच गोठवली आणि सरासरी पाच वर्षांवर नेली. फंडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं होतं. २०१४ला पन्नाशीत असलेल्या कामगाराच्या दृष्टीने मात्र त्याची अर्धीअधिक नोकरी ६,५००च्या भावाने विकली गेली. दोन्ही खरं आहे.

आता एका वर्षाच्या सेवेची किंमत काढून पाहा, योजना नक्की कुणाच्या फायद्याची ते दिसतं. आजच्या मर्यादेवर वर्षाला फंडात जातात १,२५० अधिक १७४ गुणिले १२, म्हणजे १७,०८८ रुपये. त्या बदल्यात पेन्शन वाढते महिन्याला २१४, वर्षाला २,५७१. सत्तावन्नाव्या वर्षी भरलेले १७,०८८ साडेसहा-सात वर्षांत वसूल होतात, पुढचं सगळं वरकड, शिवाय मागे पती किंवा पत्नीला निम्मी. पण पंचविसाव्या वर्षी भरलेले १७,०८८ आठ टक्क्यांनी ३३ वर्षं वाढले असते तर दोन लाखांच्या वर गेले असते आणि त्यांच्या बदल्यातही वर्षाला तेच २,५७१ मिळणार. म्हणजे तरुण वर्गणीदार म्हाताऱ्यांना पोसतो. सामाईक फंडात हे असायचंच, त्यात लबाडी नाही. पण पूर्वी मर्यादा वाढली की तरुणपणीची वर्षंही वर उचलली जात, ही भरपाई होती. तुकडे पाडल्यावर ती गेली.

त्यात महागाई भत्ता नाही. पेन्शन सुरू झाली त्या दिवशीचा आकडा आयुष्यभर तोच. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४पासून १,००० रुपये आहे, आणि सूत्राने कमी येत असेल तर वरचा फरक सरकार भरतं. बुलढाण्यातून उभं राहिलेलं पेन्शनरांचं आंदोलन किमान ७,५०० आणि महागाई भत्ता मागतं. मागणी न्याय्य वाटते, पण ८.३३ अधिक १.१६ टक्क्यांत ती बसत नाही. तो पैसा अर्थसंकल्पातूनच यावा लागेल, आणि असं स्पष्ट म्हणावं. 'फंडात लाखो कोटी पडून आहेत' हा युक्तिवाद कच्चा आहे, कारण ते पडून नाहीत, आज नोकरीत असलेल्यांना दिलेल्या वचनापोटी बांधलेले आहेत.

पात्रतेसाठी १० वर्षं सेवा लागते. सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे ९ वर्षं ६ महिने म्हणजे १०. ९ वर्षं ५ महिने म्हणजे ९. या एका महिन्यावरून लोक पेन्शनला मुकलेले आहेत, तेव्हा राजीनाम्याची तारीख ठरवण्यापूर्वी हे बोटांवर मोजावं. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे: वर्षात प्रत्यक्ष काम हंगामापुरतंच झालं तरी ते पूर्ण वर्ष धरायचं. पाच महिन्यांचा गाळप हंगाम म्हणजे पाच महिन्यांची सेवा, असा हिशेब कुणी करून दिला तर तो चूक आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात हे माहीत नसल्याने कित्येकजण 'आपली दहा वर्षं भरतच नाहीत' असं धरून पैसे काढून मोकळे होतात.

दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर दोन वाटा. फॉर्म १०-सी भरून पैसे काढायचे किंवा त्याच फॉर्मवर योजना प्रमाणपत्र घ्यायचं, ज्यात झालेली सेवा नोंदून ठेवली जाते आणि पुढच्या नोकरीत जोडली जाते. पैसे काढताना फंडात भरलेली रक्कम मिळत नाही, तक्त्याप्रमाणे मिळते: एका वर्षाला पगाराच्या १.०२ पट, पाच वर्षांना ५.०२ पट, नऊ वर्षांना ९.३३ पट. १५,०००वर नऊ वर्षांचे १,३९,९५० होतात.

ते काढावेत का? सरसकट 'कधीच काढू नका' असा सल्ला फिरतो, तो मला पटत नाही. वयावर सगळं अवलंबून आहे. माणूस ५५चा असेल आणि आणखी एक वर्ष नोकरी करून दहा पुरी होत असतील, तर काढणं निव्वळ वेडेपणा. दहा वर्षांची पेन्शन महिन्याला २,१४३ होते आणि ५८नंतर ६५-६६ महिन्यांत ती १,४०,००० ओलांडते. पण माणूस ३३चा असेल आणि पगारी नोकरी कायमची सोडून धंद्यात पडत असेल, तर तेच १,४०,००० आठ टक्क्यांनी २५ वर्षांत साडेनऊ लाखांच्या आसपास जातात. त्यावर वर्षाला ७५,००० व्याज येईल, आणखी एक वर्ष थांबून दहा पुरी केली असती तरी पेन्शन आली असती वर्षाला २५,७००. अट एवढीच की ते पैसे खरोखर गुंतवले पाहिजेत. मोटरसायकलच्या डाउन पेमेंटला गेले तर हिशेब संपला. आणि पुन्हा नोकरी करायची शक्यता असेल तर प्रमाणपत्रच घ्यावं, कारण काढल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते. दहा वर्षं पुरी झाल्यावर ही निवड उरत नाही. पैसे काढता येत नाहीत, पेन्शनच घ्यावी लागते.

पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची. पन्नासाव्या वर्षीच घेतली तर ३० टक्क्यांच्या आसपास गमावलं जातं. पीएफ लागू असलेल्या नोकरीत असताना ती घेता येत नाही. आणि ज्यांची २० वर्षं झाली आहेत त्यांनी दोन वाढीव वर्षं विसरू नयेत: ती ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यालाच आहेत. उलट, ५८नंतर ६०पर्यंत पेन्शन पुढे ढकलली तर दर वर्षी ४ टक्के वाढ मिळते. ते दोन वर्षं पगार चालू असणाऱ्याला परवडतं, घरी बसलेल्याला नाही: ८ टक्के वाढीसाठी २४ महिन्यांची पेन्शन सोडायची आणि ती भरून यायला २५ वर्षं.

क्लेम अडतात ते जवळजवळ नेहमी तारखांवर. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सदस्य पोर्टलवर सेवेच्या इतिहासात प्रत्येक नोकरीपुढे पीएफची आणि पेन्शनची अशा वेगवेगळ्या तारखा असतात: रुजू होण्याची आणि सोडण्याची. पेन्शनची तारीख रिकामी असेल तर त्या नोकरीत आपण पेन्शन सदस्य नव्हतो असा अर्थ निघतो. सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने टाकलेली नसेल तर शेवटची वर्गणी येऊन दोन महिने झाल्यावर आपण स्वतः टाकू शकतो. तारीख त्या शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच हवी.

दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या असतील, म्हणजे जुनी कंपनी १५ तारखेला सुटली आणि नवीन १०ला लागली असं दिसत असेल, तर तो काळ एकदाच मोजला जातो आणि दुरुस्तीविना क्लेम अडकू शकतो. बिनपगारी दिवस कंपनीने कळवलेले असतात, ते सेवेतून वजा होतात. तीस वर्षांत असे ७-८ महिने सहज साठतात आणि सहा महिन्यांच्या काठावर असलेल्याचं एक वर्ष जातं.

दुसरी मोठी चूक कंपन्या करतात. १ सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेला आणि सुरुवातीलाच १५,०००पेक्षा जास्त मूळ पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत येऊच शकत नाही. मालकाचे पूर्ण १२ टक्के त्याच्या पीएफमध्ये जायला हवेत. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना सारखंच वळण दिलेलं असतं आणि त्याच्याही नावावर १,२५० पेन्शनला जात राहतात. वर्षं लोटल्यावर पीएफ काढायला गेलं की हे उघडं पडतं. मग रक्कम पेन्शन फंडातून व्याजासह पीएफमध्ये वळवून घ्यावी लागते आणि त्यासाठी कंपनीचा अर्ज लागतो. कंपनी बंद पडलेली असेल तर त्रास दुप्पट. याचीच उलट बाजू: ५८ पूर्ण झाल्यावरही कंपनी पेन्शनमध्ये भरतच राहते. वाढदिवसाच्या पुढच्या महिन्याचं पासबुक पाहा. तिसऱ्या रकान्यात आकडा दिसला तर लगेच मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा.

ज्या मोठ्या आस्थापनांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, तिथे पीएफ ट्रस्टकडे असला तरी पेन्शनचा वाटा भविष्य निर्वाह निधी संघटनेकडेच जातो. त्यामुळे ट्रस्टचं पत्रक आणि संघटनेच्या पोर्टलवरची सेवा जुळते का, हे स्वतः पाहावं लागतं. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा सदस्य क्रमांक, २०१४मध्ये आला. त्याआधीच्या नोकऱ्या जुन्या पीएफ क्रमांकांखाली विखुरलेल्या असतात, बांद्रा, ठाणे, पुणे, नागपूर अशा वेगवेगळ्या कार्यालयांच्या कोडखाली. जुनी पगारपत्रकं आणि नेमणुकीची पत्रं फेकू नयेत, बंद पडलेल्या कंपनीतली सेवा सिद्ध करायला तेवढाच आधार असतो. हे काम पंचावन्नाव्या वर्षी सुरू करावं, ५८ला नाही.

पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनबद्दल थोडक्यात. मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन घेण्याच्या पर्यायाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ला निकाल दिला. त्यानंतर ज्यांनी मुदतीत संयुक्त पर्याय, म्हणजे कामगार आणि मालक दोघांचा मिळून अर्ज, भरला त्यांना फरकाची वर्गणी व्याजासह पीएफमधून पेन्शन फंडात वळवावी लागते. १५,०००च्या वरच्या पगारावरचे १.१६ टक्के सरकार भरत नाही, ते मालकाच्या वाट्यातून घेतले जातात. मागणीची नोटीस आली असेल तर भरायची एकूण रक्कम भागिले महिन्याची वाढ, एवढा भागाकार करावा. ७० ते ८० महिन्यांत वसूल होत असेल तर सहसा घ्यावं. १५० महिने लागत असतील तर तब्येत, जोडीदाराचं वय आणि वारसांसाठी मुद्दल ठेवायची इच्छा यांचा विचार करावा, कारण पेन्शन फंडात गेलेलं मुद्दल परत येत नाही. मूळ योजनेत मुद्दल परत मिळण्याचा आणि पेन्शनचा तिसरा हिस्सा आगाऊ घेण्याचा पर्याय होता, ते दोन्ही २००८मध्ये काढून टाकले.

पेन्शनचा अर्ज फॉर्म १०-डीवर, ऑनलाइन भरता येतो. आधार, बँक खातं, जन्मतारीख आणि नाव सगळीकडे अक्षरशः एकच हवं. पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो. मुलांची नावं आणि जन्मतारखा आत्ताच भरा, ती २५ वर्षांची झाली असतील तर निदान जोडीदाराचा तपशील पक्का असू द्या.

कुटुंबाचा भाग या योजनेतला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा. नोकरीत असताना सदस्य गेला तर १० वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला किंवा पतीला मासिक पेन्शन मिळते. सोबत दोन मुलांना, प्रत्येकी त्या रकमेच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. दोनपेक्षा जास्त मुलं असली तर मोठं २५चं झाल्यावर पुढच्याची पाळी येते. आई-वडील दोघंही नसतील तर मुलांना प्रत्येकी ७५ टक्के. पेन्शन सुरू झाल्यावर सदस्य गेला तर जोडीदाराला निम्मी. कंत्राटी कामगार सहा महिन्यांत अपघातात गेला तर घरच्यांना 'पीएफ किती साठला होता' एवढंच विचारायचं सुचतं आणि चार-पाच हजार घेऊन ते परत येतात. पेन्शनचा अर्ज करायचा राहूनच जातो. तो मागाहूनही करता येतो.

१ जानेवारी २०२५पासून पेन्शन केंद्रीय पद्धतीने येते, देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत. मुंबईतून निवृत्त होऊन कोकणात किंवा गावी गेलेल्यांना आता पेन्शनचा आदेश एका कार्यालयातून दुसऱ्याकडे हलवत बसावं लागत नाही. हयातीचा दाखला मात्र दर वर्षी द्यायचाच आहे. सरकारी पेन्शनरांसारखी नोव्हेंबरची सक्ती इथे नाही, ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून १२ महिने चालतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतो. पेन्शन अचानक बंद झाली तर तक्रार लिहायला बसण्याआधी दाखल्याची तारीख पाहा.